कोलायटिस: पथ्य कुठवर, औषध किती, ऑपरेशन कधी

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “मुलगा २६ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. अडीच वर्षांपूर्वी शौचातून रक्त पडायला लागलं. आधी मूळव्याध म्हणून औषध झालं, मग आव म्हणून. शेवटी दुर्बिणीच्या तपासणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. मेसालामिनच्या गोळ्यांनी सहा महिन्यांत पूर्ण बरा झाला, म्हणून गोळ्या बंद केल्या. परिचितांच्या सांगण्यावरून गहू, दूध, तिखट, तेलकट सगळं बंद केलं, काढेही दिले. तरी वर्षभरात तिसऱ्यांदा स्टिरॉइड चालू आहे. सध्या दिवसातून आठ वेळा जावं लागतं, रक्त पडतं, वजन ९ किलोंनी उतरलंय. डॉक्टर म्हणतात बायोलॉजिक इंजेक्शनं सुरू करा, नाहीतर पुढे मोठं आतडं काढावं लागेल. पथ्यपाण्याने हे आटोक्यात येणार नाही का? त्याच्या लग्नाचं बघत होतो, तेही थांबवलंय.”

ताई, बाकीचं बोलण्याआधी एक काम सांगतो, ते आजच करा. मुलाच्या मनगटावर बोटं ठेवून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. थर्मामीटर लावा. शेवटचा रक्ताचा रिपोर्ट काढून हिमोग्लोबिन आणि ईएसआर (हा आकडा अंगातली सूज दाखवतो) बघा. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि जोडीला नाडी ९०च्या वर, ताप १०० फॅरेनहाइटच्या वर, हिमोग्लोबिन १०.५च्या खाली किंवा ईएसआर ३०च्या वर, यातली एक जरी गोष्ट असली तर त्याच दिवशी दाखल व्हायचं. घरी थांबायचं नाही. ट्रूलव्ह आणि विट्स या इंग्रज डॉक्टरांनी १९५५ साली ही मोजपट्टी घालून दिली आणि आजही आम्ही तीच वापरतो. पोट दुखायचं अचानक थांबून फुगायला लागलं, तर रिपोर्टचीही वाट बघू नका.

दाखल केल्यावर शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड देतात, शौचाची जंतूंसाठी तपासणी होते, आतड्याचा खालचा भाग दुर्बिणीने बघून तुकडा काढतात. शिवाय रक्त गोठू नये म्हणून हेपारिनचं इंजेक्शन देतात. इथे नातेवाईक हमखास घाबरतात: रक्त पडतंय आणि हे रक्त पातळ करताहेत! पण या आजाराच्या जोरात पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका खरा असतो. त्या इंजेक्शनाला नाही म्हणू नका. तिसऱ्या दिवशी हिशेब करायचा असतो. त्या दिवशीही आठपेक्षा जास्त वेळा जावं लागत असेल, किंवा तीन ते आठ वेळा जात असून सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा आणखी एक आकडा) ४५च्या वर असेल, तर नुसत्या स्टिरॉइडने भागण्याची शक्यता फार कमी. मग इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन हे पुढचं जोराचं औषध द्यायचं ठरतं आणि त्याच दिवशी सर्जनही येऊन बघून जातात. सर्जन आले म्हणजे ऑपरेशन ठरलंच असं नाही. वेळ आली तर धावपळ होऊ नये म्हणून त्यांना आधीपासून सोबत घेतात.

हे झालं तातडीचं. आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी थांबलो त्याबद्दल: “सहा महिन्यांत पूर्ण बरा झाला, म्हणून गोळ्या बंद केल्या.”

तो बरा झाला नव्हता ताई, त्याला बरं वाटत होतं. या दोन गोष्टींतला फरक मी रोज चार रुग्णांना समजावतो आणि तरी पुरत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि मध्ये जागा न सोडता वर सरकते. कुणाची शेवटच्या पंधरा सेंटिमीटरवर थांबते, कुणाची डाव्या बाजूपर्यंत जाते, कुणाचं अख्खं मोठं आतडं व्यापते. औषधाने रक्त थांबतं, फेऱ्या कमी होतात, भूक लागते. पण दुर्बिणीतून बघितलं तर अस्तर अजून लालसर, हात लावला की रक्त येणारं असू शकतं. त्या अवस्थेत औषध सोडलं की काही महिन्यांत आजार उसळी मारतो, आणि बऱ्याचदा आधीपेक्षा वरपर्यंत पसरलेला असतो.

आता हे कळायला दर वेळी दुर्बीण घालावी लागत नाही. शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी आहे. सूज असेल तिथे पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. आकडा १५०च्या खाली असेल आणि रक्त, घाई काही नसेल, तर आतडं शांत आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. लक्षणं नाहीत पण आकडा ८००, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. अशा रुग्णाला “छान चाललंय” म्हणून सोडायचं नसतं.

गोळ्या नियमित न घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका नियमित घेणाऱ्यांच्या पाचपट असल्याचं एका अमेरिकन अभ्यासात २००३ साली दिसलं होतं. आणि हा आजार कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुणपणापासून हाच आजार होता. २००७ मध्ये त्यामुळे पद सोडावं लागलं, नंतर मेसालामिनच्या नव्या गोळीने आजार ताब्यात आला, २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले, जवळजवळ आठ वर्षं कारभार केला, आणि ऑगस्ट २०२०मध्ये आजार उलटल्यावर पुन्हा पद सोडत असल्याचं जाहीर केलं. ही गोष्ट मी रुग्णांना धीर देण्यासाठीही सांगतो आणि सावध करण्यासाठीही.

मेसालामिनबद्दल आणखी एक. तुमच्या मुलाला गुदमार्गातून द्यायचं औषध कधी दिलं होतं का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि माझ्या अनुभवात निम्मे रुग्ण ते लिहून दिलं तरी घेत नाहीत. लाज वाटते, किळस वाटते, सांगायला कुणी वेळ देत नाही. पण आजार सर्वांत खाली, गुदाशयात, सर्वांत जोरात असतो, आणि पोटातून घेतलेल्या गोळीचा तिथपर्यंत पोचेस्तोवर जोर कमी झालेला असतो. तोंडाने गोळी आणि खालून एनिमा, दोन्ही मिळून जो फायदा होतो तो नुसत्या गोळीने होत नाही. आजार फक्त गुदाशयापुरता असेल तर रोज रात्री १ ग्रॅमची एक सपोझिटरी (गुदमार्गात ठेवायची वडी) एवढ्यावरही तो वर्षानुवर्षं शांत राहू शकतो.

एनिमा घ्यायची रीत सांगतो, कारण ती चुकली की औषध चादरीवर जातं आणि माणूस दुसऱ्या दिवशी बाटली कपाटात टाकतो. रात्री झोपण्याआधी शौचाला जाऊन यायचं. बाटली दहा मिनिटं कोमट पाण्याच्या तांब्यात ठेवायची; गार औषध आत गेलं की आतडं लगेच ते बाहेर ढकलतं. बाटली नीट हलवायची. पलंगावर जुना टॉवेल टाकून डाव्या कुशीवर झोपायचं, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी. नळीच्या टोकाला थोडं खोबरेल तेल. आत घालून बाटली हळूहळू दाबायची, अर्धं मिनिट तरी लागू दे, आणि दाबलेली असतानाच बाहेर काढायची, नाहीतर औषध उलट बाटलीत ओढलं जातं. मग अर्धा तास त्याच कुशीवर. पहिल्या तीन-चार रात्री औषध टिकत नाही, कारण गुदाशय सुजलेला असतो. पाचव्या-सहाव्या रात्रीपासून टिकायला लागतं. त्या पहिल्या चार रात्रीत हार मानू नका, एवढंच.

क्वचित एखाद्याला मेसालामिनच सोसत नाही: सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत जुलाब, ताप, पोटदुखी उलट वाढते. असं झालं असेल तर डॉक्टरांना सांगा, डोस वाढवून उपयोग नाही, बंद करावं लागतं. आणि वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासायचं.

आता स्टिरॉइड. पन्नासच्या दशकात कॉर्टिसोनने या आजाराचं चित्र पालटलं हे खरं. त्याआधी जोराच्या झटक्यात माणसं जात. पण स्टिरॉइड आग विझवतं, घर बांधत नाही. आजार परत येऊ नये म्हणून ते उपयोगाचं नाही, हे अनेक दशकांपासून सिद्ध आहे. प्रेडनिसोलोन बहुधा ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला ५ने उतरवतात. उतरवताना मध्येच रक्त परत दिसायला लागलं, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांत आजार परत आला, तर तो रुग्ण स्टिरॉइडवर अवलंबून आहे असं आम्ही म्हणतो. वर्षात तिसरा कोर्स म्हणजे तुमचा मुलगा त्या गटात आहे. इथून पुढे चौथा, पाचवा कोर्स करत राहणं हा सर्वांत वाईट मार्ग: चेहरा सुजतो, साखर वाढते, तिशीत हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू येतो, आणि आजार तिथेच. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी पुढच्या औषधाचं नाव काढलं ते योग्यच केलं. त्यांनी घाई केलेली नाही. आणि हो, चालू स्टिरॉइड घाबरून एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे.

पुढची औषधं म्हणजे काय? आपल्याकडे अजूनही बरेचदा आधी ॲझाथायोप्रिन ही संरक्षण यंत्रणेला आवर घालणारी गोळी देतात. स्वस्त आहे, चांगलं आहे, पण लागू पडायला दोन-तीन महिने जातात. शिवाय भारतीयांमध्ये एनयूडीटी१५ या जनुकातला फरक बऱ्यापैकी आढळतो आणि तो असला की पांढऱ्या पेशी झपाट्याने पडतात. पहिल्या महिनाभरात उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासा. त्या जनुकाची तपासणी आधीच करून घेता येते. नसेल करता आली तर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चुकवायची नाही.

बायोलॉजिक या शब्दाने लोक उगाच धसकतात. जिवंत पेशींकडून बनवून घेतलेली, सूज वाढवणारी वाट नेमकी अडवणारी ही औषधं. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून देतात: पहिल्या दिवशी, दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, मग दर आठ आठवड्यांनी. ॲडालिमुमॅब पोटावरच्या त्वचेखाली, घरीच घेता येतं. व्हेडोलिझुमॅबचं काम मुख्यतः आतड्यापुरतं असतं, त्यामुळे बाकी शरीराची प्रतिकारशक्ती बरीच शाबूत राहते, मात्र गुण यायला ते जास्त वेळ घेतं. टोफॅसिटिनिब हे बायोलॉजिक नाही, ती साधी गोळी आहे, लवकर काम करते आणि भारतीय कंपन्या बनवत असल्यामुळे या सगळ्यांत परवडणारी. तिच्यामुळे नागीण होण्याचा धोका वाढतो, शिवाय ज्यांना रक्ताच्या गुठळीचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांच्या बाबतीत फार विचार करावा लागतो. यातलं कुठलं, हे तुमच्या मुलाचे रिपोर्ट बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. पण एक गोष्ट कुठल्याही औषधाआधी व्हायलाच हवी, ती म्हणजे क्षयाची तपासणी. आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात. बायोलॉजिकने, विशेषतः इन्फ्लिक्सिमॅब-ॲडालिमुमॅबने, ते जागे होऊ शकतात. छातीचा एक्स-रे, इग्रा किंवा मँटू चाचणी, आणि घरात कुणाला कधी टीबी होता का याचं खरं उत्तर. आजोबांना होता, काकांना होता, हे सांगायला संकोचू नका. कावीळ बी आणि सीची तपासणी, न्यूमोनिया आणि फ्लूची लस हेही आधी उरकून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, पथ्य.

ताई, तुम्ही जे केलंत ते मायेने केलंत. पण ९ किलो वजन उतरलंय त्यात आजाराचा वाटा आहे तसा पथ्याचाही आहे. सुजलेल्या आतड्यातून प्रथिनं गळतात, रक्त जातं, आणि अशा वेळी आपण ताटातूनही एकेक पदार्थ काढत गेलो तर शरीराने अस्तर भरून काढायचं कशाच्या जोरावर? माझ्या ओपीडीत आया वहीत लिहून आणतात: हे बंद, ते बंद. गेल्या वर्षी एका मुलीच्या वहीत ४३ पदार्थ बंद होते, चालू होते सात. तिचं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, इतकं खाली गेलं होतं की पायावर सूज होती. तिला आधी आठ दिवस नीट जेवू घातलं, मगच बाकीचं.

गहू सोडून कोलायटिस बरा होत नाही. गव्हाचं वावडं असणारा सिलिॲक हा वेगळा आजार आहे आणि त्याची रक्ताची तपासणी होते. ती चांगली आली असेल तर पोळी चालू करा. तिखटाने आजार होत नाही आणि वाढतही नाही. सूज असताना ठेचा खाल्ला तर आग होईल, म्हणून तेवढे दिवस कमी, एवढंच. दूध सगळ्यांनी सोडायचं कारण नाही. दहा दिवस बंद करून बघा. गॅस, गडगड, पातळपणा कमी झाला तर दूध त्याला पचत नाही असं समजा, पण ताक-दही बहुतेकांना चालतंच.

जोर असताना उद्देश एवढाच की आतड्यातून चोथा कमी जावा आणि पोटात प्रथिनं जास्त जावीत. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, तूप, पातळ खिचडी, ताज्या ताकाची कढी. दुधी, लाल भोपळा, दोडका सालं काढून शिजवलेला. पिकलं केळं, शिजवलेलं सफरचंद. रव्याचा उपमा, इडली. खात असाल तर अंडी, मासे, चिकनचं सूप नव्हे तर चिकन. सूप पाणी आहे, प्रथिनं तुकड्यात आहेत. शाकाहारी असाल तर पनीर, घट्ट वरण, मुगाचं धिरडं. या काळात किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या मुलाला दिवसाला साधारण बासष्ट ते पंच्याहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम येतात, यावरून हिशेब करा आणि तुमच्या लक्षात येईल की वरणभातावर हे कधीच पुरं होत नाही. कच्ची कोशिंबीर, मटकी-चवळीची उसळ, मक्याचं कणीस, शेंगदाणे, पालेभाजीचे जून देठ तेवढे दिवस बाजूला. साबुदाण्याची खिचडी चोथ्याच्या दृष्टीने हलकी, पण त्यातलं कूट आणि प्रथिनांचा अभाव बघता तिच्यावर दिवस काढू नका. उपास असले तर हे वर्ष देवाला सांगून सोडा, आणि उपासाच्या दिवशी गोळी चुकवू नका.

आतडं शांत झालं की हे निर्बंध उठवायचे. इथे लोक चुकतात. दोन-दोन वर्षं मऊ भातच खात राहतात. शांत आतड्याला भाज्या, फळं, डाळी, भाकरी यांचा तंतू हवा असतो. मोठ्या आतड्यातले उपयोगी जंतू त्याच्यावर जगतात आणि त्यातून जे तयार होतं ते अस्तराचं अन्न आहे. एकेक पदार्थ, तीन-तीन दिवसांच्या अंतराने सुरू करा. कमी करायचंच असेल तर पाकिटातलं, बाटलीतलं, बेकरीतलं कमी करा. महिनोन्महिने टिकावं म्हणून जे जे त्यात घालतात त्यातल्या काही पदार्थांचा अस्तरावर वाईट परिणाम होतो असं दिसतंय. मटण-बीफ रोज नको. मुलगा पुण्यात एकटा राहून रात्री दहाला बाहेरून मागवतो का, हे विचारा. गव्हापेक्षा तिथे लक्ष द्यायला हवं.

आणि ताटाबाहेरची एक गोष्ट: डोकं दुखलं, पाठ दुखली की डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी. मेडिकलमधून सहज मिळते आणि शांत असलेला कोलायटिस तिने उसळल्याचं मी वारंवार बघितलंय. पॅरासिटामॉल चालेल. घशाला-सर्दीला स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकही नको.

पथ्याला शास्त्रीय आधार अजिबात नाही असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या मंडळींनी २०२२मध्ये एक चांगला अभ्यास प्रसिद्ध केला. सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या रुग्णांना निरोगी माणसाच्या शौचातले जंतू दुर्बिणीतून दर आठवड्याला, सात आठवडे दिले आणि सोबत सूज कमी करणारा ठरावीक आहार. पुढे वर्षभर नुसत्या त्या आहारावरही काही जण चांगले राहिले. मला याचं मोल वाटतं. पण हे सौम्य ते मध्यम आजारात, दवाखान्याच्या देखरेखीखाली झालं, आणि तरीही सगळ्यांना गुण आला नाही. दिवसाला आठ वेळा रक्त जाणाऱ्या मुलाला ते लागू नाही.

हळदीचंही तसंच. हळदीतलं कर्क्युमिन रोज ३ ग्रॅम, मेसालामिनच्या जोडीला दिलं तेव्हा सौम्य आजारात फायदा दिसला. हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा तीनच्या आसपास. म्हणजे तेवढ्यासाठी रोज शंभर ग्रॅम हळद लागेल, हळदीच्या दुधाने ते होत नाही. कॅप्सूल घ्यायची तर डॉक्टरांना सांगून, कारण मिरीचा अर्क घातलेल्या काही कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. काढ्यांत काय होतं ते मला माहीत नाही म्हणून मी सरसकट नावं ठेवत नाही, पण गुळवेल असेल तर थांबवा. कोविडच्या काळात मुंबईत गुळवेलीने यकृताला सूज आलेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि त्यांत शरीराची संरक्षण यंत्रणा आधीच उलटलेले लोक होते. ॲझाथायोप्रिन सुरू करायच्या आधी यकृताचा रिपोर्ट बिघडलेला असला तर आमचे हात बांधले जातात.

राहिलं ऑपरेशन. तुमच्या पत्रात ते शिक्षेसारखं आलंय: “नाहीतर आतडं काढावं लागेल.” बऱ्याच डॉक्टरांच्या तोंडूनही ते तसंच येतं, आणि मला ते आवडत नाही. ज्याला औषधं लागू पडत नाहीत त्याच्यासाठी ऑपरेशन हा एक चांगला उपचार आहे, आणि वेळेवर केलं तर तुलनेने सुरक्षित आहे. धोका असतो तो उशिरा केलेल्या ऑपरेशनात: आतडं फुगून फुटायच्या बेतात, अल्ब्युमिन २, महिनोन्महिने स्टिरॉइड घेतलेलं अंग, आणि टाके धरत नाहीत.

काय करतात ते सरळ सांगतो. आजार मोठ्या आतड्याचाच असल्यामुळे पूर्ण मोठं आतडं काढलं की आजाराचं मूळ जातं. तुमच्या मुलासारख्या, स्टिरॉइडवर असलेल्या आणि खंगलेल्या रुग्णात हे बहुधा तीन टप्प्यांत होतं. पहिल्यात मोठं आतडं काढून लहान आतड्याचं टोक पोटावर आणतात, त्यावर पिशवी. दोन-तीन महिन्यांत माणूस भरतो, स्टिरॉइड सुटतं. दुसऱ्यात गुदाशय काढून लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचीच एक थैली शिवतात आणि गुदद्वाराला जोडतात. लंडनमध्ये १९७८ साली पार्क्स आणि निकल्स यांनी ही पद्धत मांडली. तिसऱ्यात पोटावरचं तोंड बंद करतात आणि शौच नेहमीच्या वाटेने सुरू होतं. नंतर दिवसाला चार ते आठ वेळा जावं लागतं, रात्री बहुधा एकदा. हे आधीच ऐकून ठेवा, नंतर निराशा नको. थैलीला सूज येण्याचा त्रास जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी होतो, बहुतेक वेळा अँटिबायोटिकने आटोक्यात येतो. मुलींच्या बाबतीत गर्भ राहण्याची शक्यता या ऑपरेशनने कमी होते, म्हणून तिथे वेळ आणि पद्धत वेगळी ठरवावी लागते.

चार-आठ वेळा ऐकून लोक म्हणतात, मग उपयोग काय? माझा एक रुग्ण एसटीत वाहक होता. तिकिटाच्या बॅगेत तो एक जादा पँट ठेवायचा. ड्युटीच्या दिवशी सकाळपासून काही खायचा नाही, पाणीही घोटभर, कारण आली की एक मिनिट थांबवता येत नसे आणि गाडी प्रत्येक वेळी कुठे उभी करणार? दोन वर्षं ऑपरेशनला नाही म्हणत राहिला. शेवटी झालं. वर्षाने तपासायला आला तेव्हा दिवसाला सहा वेळा जात होता, पण त्याला थांबवता येत होतं. पुढच्या डेपोपर्यंत, तासभरसुद्धा. त्याने माझ्या टेबलावर बॅग उघडून दाखवली: आत डबा होता, पँट नव्हती.

कायमची पिशवी ठेवावी लागणारेही असतात, आणि ते नोकरी, पोहणं, वारी सगळं करतात. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था पिशवी असलेल्यांना मदत करते. निर्णय घ्यायच्या आधी पिशवी असलेल्या एखाद्या माणसाशी मुलाची गाठ घालून द्या. माझ्या तासभराच्या बोलण्यापेक्षा ती दहा मिनिटं उपयोगी पडतात.

ऑपरेशन नाही केलं आणि औषधांवर आतडं शांत राहिलं, तर आजार सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी कर्करोगासाठी दुर्बिणीची तपासणी सुरू करायची, मग डॉक्टर सांगतील त्या अंतराने. सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली तर हा धोका जास्त वाढतो. अस्तर खऱ्या अर्थाने शांत ठेवायचं त्याचं हेही एक कारण.

तुमच्या मुलाच्या बाबतीत माझं मत विचाराल तर: वरची मोजपट्टी लागू असेल तर आज दाखल करा. नसेल तर दोन आठवड्यांच्या आत दुर्बिणीने खालचा भाग बघून, सीएमव्ही हा विषाणू आणि शौचात रोगजंतू नाहीत याची खात्री करून, टीबीची तपासणी उरकून बायोलॉजिक किंवा टोफॅसिटिनिब सुरू करा. लोह शिरेतून घ्या, गोळीने पोट बिघडतं आणि काळ्या शौचाने गोंधळ उडतो. आठ ते चौदा आठवडे औषधाला द्या, कॅलप्रोटेक्टिन करा. आणि पहिल्याच भेटीत एखाद्या अनुभवी सर्जनची ओळख करून घ्या, गरज पडो न पडो.

लग्नाचं. थांबवलंत ते आजाराचा जोर आहे तोवर ठीक, कायमचं थांबवायचं कारण नाही. कोलायटिस असलेली माणसं संसार करतात, त्यांना मुलं होतात आणि बहुतेकांच्या मुलांना हा आजार होत नाही. सल्फासलाझिन हे जुनं औषध चालू असेल तर त्याने शुक्राणू कमी होतात, बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतात. मेसालामिनने असं सहसा होत नाही. मुलीकडच्यांपासून लपवू नका. आणि हे सगळं तुम्ही विचारलंत, मुलाने नाही, हे माझ्या मनात राहिलंय. पुढच्या भेटीला तुम्ही जरूर जा, पण दहा मिनिटं बाहेर बाकावर बसा आणि त्याला एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या. चादर किती वेळा बदलावी लागते, ऑफिसात कुठल्या टेबलावर बसावं लागतं, हे तो तुमच्यासमोर सांगणार नाही.